माझी नणंद आणि धुण्याची गाडी

इस्पितळात माझ्या नणंदेला सगळे ‘भट्टी’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. धुलाई विभागात तिने एकतीस वर्षं काढली, तळघरात, बॉयलरला लागून असलेल्या खोलीत. यंत्रांच्या धडधडीने तिचा उजवा कान गेला, त्यामुळे ती बोलायची ते ओरडूनच. नव्या माणसाला वाटायचं, बाई चिडली असावी. जुन्या माणसाला माहीत असायचं की बाई खरोखरच चिडली आहे.

मी तिची भावजय. लग्न होऊन घरात आले त्याच आठवड्यात तिने मी वाळत घातलेले सगळे कपडे दोरीवरून उतरवले आणि पुन्हा घातले. “शर्ट खांद्याला धरून टांगायचा नाही, घेराला धरून टांगायचा. चिमट्याची टोकं आयुष्यभर खांद्यावर मिरवायची का त्याने?” तिथून जे बिनसलं ते तीसेक वर्षं बिनसलेलंच राहिलं. हे आधीच सांगून टाकते. मी घरच्या माणसाचं कौतुक करत बसले आहे असं कुणाला वाटायला नको.

तिच्या रागाला एक मूळ होतं. ते मला नवऱ्याने सांगितलं, तिने कधीच नाही. ती धुलाईत लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी माझी सासू त्याच इस्पितळात, जनरल वॉर्डात होती. शेवटचे चार दिवस तिला काही कळत नव्हतं, अंथरुणातच सगळं होत होतं. नणंद रोज खाली तळघरात चादरी धुवायची आणि वर आई घाणेरड्या चादरीवर पडलेली असायची. कारण तपासणीचं पथक येणार होतं आणि धुतलेल्या चादरी कपाटात कुलूप लावून ठेवल्या होत्या. पथकाला भरलेलं कपाट दिसायला हवं होतं. सासू गेली त्या दुपारी पथक आलं, कपाट बघून खूश झालं. नणंदेने कुलूप फोडलं ते दुसऱ्या दिवशी. तिला आठ दिवस घरी बसवलं. तेव्हापासून ती भट्टी.

ती निवृत्त झाली, दोन वर्षं घरी बसली. त्या सुमाराला सरहद्दीपलीकडे लढाई पेटली आणि माणसं इकडे यायला लागली. चालत, ट्रकमधून, जमेल तशी. आमच्या गावाच्या वाट्याला चारशे आली. त्यांना गावाबाहेरच्या बंद पडलेल्या गाद्यांच्या कारखान्यात ठेवलं. गाद्यांचा कारखाना, आणि माणसं सिमेंटवर झोपत होती. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मला तेव्हा बरंच काही दिसत नव्हतं.

एक दिवस माझ्या गुडघ्यासाठी आम्ही दोघी डॉक्टरकडे बसलो होतो. समोरची एक बाई शेजारणीला सांगत होती, “ती छावणीतली माणसं दुकानात आली ना, की मी नाकच धरते. काय तो वास! माणसाने निदान स्वच्छ तरी राहावं.” मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, डोलावली.

नणंद वळली. डावा कान त्या बाईकडे असल्याने तिने सगळं ऐकलं होतं.

“हा तुमचा ब्लाउज कधी धुतला?”

“काल,” बाई दचकून म्हणाली.

“कशात?”

“मशीनमध्ये. का बरं?”

“मग त्यात तुमचं काय कर्तृत्व? मशीनचं कौतुक करा. त्या लोकांना तीन नळ आहेत. चारशे माणसांत तीन. तुम्ही आठ दिवस राहून दाखवा तिथे, नवव्या दिवशी मी येते तुमचा वास घ्यायला.”

मी गुडघा न दाखवताच तिला ओढत बाहेर काढलं. ती घरी आलीच नाही, तशीच चालत छावणीवर गेली.

परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. ओरडत नव्हती, आणि ती ओरडत नसली की मला जास्त भीती वाटायची. म्हणाली, “कुंपणावर पाटी लावलीय. ‘येथे कपडे वाळत घालू नयेत.’ रस्त्यावरून दिसायला वाईट दिसतं म्हणून. आत दोरी बांधायला जागा नाही. पोरांच्या बोटांमध्ये खरूज झालीय. ओले कपडे अंगावर वाळवतात गं ते.” मग आमच्या ह्यांच्याकडे वळली. “धाकट्या, सध्या तुझं काय चाललंय?”

हे बसडेपोच्या वर्कशॉपमधून नुकतेच निवृत्त झाले होते. “काही नाही,” म्हणाले.

“तेच विचारतेय. अजून किती दिवस काही नाही?”

पुढचे दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. एका बेकरीने पाव पोचवायची जुनी गाडी मोडीत काढली होती, ती ह्यांनी आणली. इस्पितळाच्या बॉयलरमागे दोन जुनी धुलाई यंत्रं आणि दोन सुकवणी यंत्रं गंज खात पडली होती. नणंद अधीक्षकांच्या दाराशी रोज सकाळी जाऊन उभी राहायची. अकराव्या दिवशी त्यांनी, “घेऊन जा, पण उद्यापासून येऊ नका,” असं लिहून दिलं. हजार लिटरची पाण्याची टाकी, जनरेटर, सांडपाण्याचा पाइप, सगळं ह्यांनी गाडीच्या पोटात बसवलं. इस्पितळातला जुना इस्त्रीवाला स्वतःहून आला. हसरा, बुटका माणूस. नणंदेच्या हाताखाली वीस वर्षं काढूनही हसरा राहिला होता, यावरूनच काय ते समजा. आणि गाडी चालायला लागल्यावर घड्या घालायला चौथं माणूस लागेल म्हणून मी. मला कुणी विचारलं नव्हतं. “उद्या साडेआठला तयार राहा,” एवढंच.

पहिल्या दिवशी आम्ही गाडी लावली, यंत्रं सुरू केली, पिशव्या आणि नंबरांचे बिल्ले मांडले. इस्पितळात जसं चालायचं तसं. आणि एकही माणूस आलं नाही. लांब उभे राहून बघत होते. बारा वाजता नणंदेचा पारा चढला. “अहो, आणा ना कपडे! फुकट आहे! धुऊन देतो!” ती ओरडली तशी दोन पोरं रडायला लागली.

गर्दीतून एक बाई पुढे आली. पन्नाशीची असेल. हात कोपरापर्यंत निळसर काळे, जन्मात न निघणाऱ्या रंगाचे. ती तिकडे कापड रंगवायची, वडिलांच्या वेळचा रंगारखाना होता तिचा. आमच्या व्यापाऱ्यांशी देणंघेणं असल्यामुळे आमची भाषा तिला मोडकीतोडकी यायची. आम्ही पुढे तिला रंगारीणच म्हणायला लागलो.

“ओरडते कशाला?” ती म्हणाली. “मी बहिरी नाही.”

“मी आहे!” नणंद म्हणाली.

“हा नंबर कशाला?”

“कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून.”

“आम्हाला पण नंबर दिला. घरातून काढताना. सैनिक बोलला, सगळं ठेवा, नंबर घ्या, दोन दिवसांनी परत. कुठे परत?” तिने बिल्ला उचलला आणि टेबलावर आपटला. “जे अंगावर होतं ते राहिलं. ते पण तुला देऊ? पिशवीत? आणि नंबर घेऊ?”

मला वाटलं, आता ही तिच्या अंगावर जाणार. नणंदेने बिल्ल्यांची पेटी उचलली, गाडीमागे नेली आणि कचऱ्याच्या पिंपात उलटी केली. येऊन म्हणाली, “नंबर नाहीत. बोल, कसं करायचं?”

मग त्या दोघींनी भांडत भांडत ठरवलं. कपडे छावणीबाहेर जाणार नाहीत. ज्याचे असतील त्याने गाडीशेजारी बसायचं, धुऊन, सुकून, घडी होऊन हातात पडेपर्यंत. नंबराऐवजी दोरा. प्रत्येक घराला दोन रंगांच्या दोऱ्यांचा एक टाका, कपड्याच्या आतल्या शिवणीवर. हिरवा आणि नारिंगी एका घराचा, पांढरा आणि तपकिरी दुसऱ्याचा. रंग रंगारीण वाटायची आणि त्यात कुणाचं चालू द्यायची नाही. “तू जांभळा नको. तुझा नवरा जांभळ्यात आजारी दिसतो,” असं एकीला सांगितलेलं मी स्वतः ऐकलं.

आठवड्यातून चार दिवस गाडी जायला लागली. रोज बावीस-तेवीस फेऱ्या धुणं. अंथरुणं कढत पाण्यात, कपडे सुकवणीत पुरते तापवून. दीड महिन्यात पोरांच्या बोटांमधली खरूज उतरली. घड्या घालता घालता मी माणसं कपड्यांवरून ओळखायला लागले. एक म्हातारा टपालवाला होता, तो आपला खाकी कोट धुवायला देताना अंग चोरून बनियनवर बसायचा आणि कोट हातात पडला की वरपर्यंत बटणं लावून ताठ व्हायचा. एका पोरीचा फ्रॉक होता, त्याला खाली तीन पट्ट्या जोडल्या होत्या, तीन वेगळ्या कापडांच्या. पोरगी वाढली तशी तिच्या आईने एकेक जोडली होती. तिसरी पट्टी कारखान्यातल्या गादीच्या कापडाची होती. तो फ्रॉक हातात आला की मला त्या डॉक्टरकडची माझी डोललेली मान आठवायची आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची.

छावणीचे साहेब गोड बोलायचे. अक्षर सुंदर, शर्ट कडक. “ताई, तुमचं काम फार मोलाचं आहे,” म्हणायचे. आणि चौथा नळ मागितला की, “वरून आदेश यायला हवा.” दोऱ्या बांधायला मागचं अंगण मागितलं की, “वर कळवतो.” एकदा कुणी पाहुणे येणार होते तेव्हा गाडी फाटकाशी लावायला सांगितली, फोटोसाठी. नणंदेने गाडी तिच्या रोजच्या जागी मागेच लावली आणि साहेबांना सांगितलं, “फोटो नळाचा काढा. चौथ्या. नसेल तर जिथे नाही त्या भिंतीचा काढा.”

शरदातल्या एका गुरुवारी एका सुकवणी यंत्राचा पट्टा तुटला आणि दुसऱ्याची मोटर दुपारी जळाली. ह्यांनी दोन तास खटपट केली. अडतीस घरांचे कपडे धुऊन ओलेचिंब पडलेले. हवेत गारवा, आणि कुंपणावर घालायची बंदी. नणंद साहेबांकडे गेली. निदान आजच्या दिवस कुंपण द्या म्हणाली. नाही म्हणाले.

तिने रंगारणीला बोलावलं. “आमच्या इमारतीच्या गच्चीवर नेते. तिथे वाळतील. उद्या दहा वाजता आणते.”

रंगारणीने ओल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. मग मागे वळून लोकांना त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. बराच कालवा झाला. टपालवाला कोट सोडायला तयार नव्हता, ओलाच अंगात घालतो म्हणत होता. शेवटी ती आमच्याकडे वळली.

“दहा वाजता?”

“दहा वाजता.”

“मी सांगितलं त्यांना, ही बाई ओरडते पण खोटं बोलत नाही.”

संध्याकाळी आम्ही सगळं गच्चीवर वाळत घातलं. खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी वर आले, म्हणाले, रहिवाशांची तक्रार आहे, त्या लोकांचे कपडे आमच्या दोऱ्यांवर नकोत. मी तोवर त्या माणसाशी नमस्काराशिवाय काही बोलले नव्हते. त्या दिवशी मीच बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. नणंद चिमटे तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, “शर्ट घेराला धरून,” आणि पुढच्या दोरीकडे गेली.

शुक्रवारी पावणेदहाला आम्ही छावणीवर पोचलो. फाटक सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

चारशे माणसं नव्हती. सिमेंटवर पुठ्ठे पडले होते, एक चप्पल, एक फुटका प्लास्टिकचा मग. झाडूवाली झाडत होती. साहेब टेबलापाशी उभे राहून कागद खोक्यात भरत होते.

“पहाटे हलवलं सगळ्यांना,” ते म्हणाले. “दुसऱ्या केंद्रात. आदेश काल संध्याकाळीच आला.”

“काल संध्याकाळी?” नणंद म्हणाली. “कपडे मी नेले ते तुमच्या डोळ्यांसमोर नेले. मला निरोप का नाही पाठवला?”

“गोपनीय असतं ताई हे. गडबड नको म्हणून. तुम्ही काळजी करू नका, तिथे त्यांना नवीन कपडे मिळतील.”

“आणि हे?”

साहेबांनी गाडीकडे बघितलं. “हे तुम्ही आता देऊन टाका कुठेतरी. गरजूंना.”

एकतीस वर्षं यंत्रांच्या धडधडीत ओरडलेली बाई, पण त्या वेळी ती ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, “गरजूंना. ते कोण असतात हो? तुम्ही पाहिलेत कधी? ती माणसं पहाटे बसमध्ये बसताना काय म्हणाली असतील माझ्याबद्दल? दुसऱ्यांदा लुटलं आपल्याला, हेच ना? पहिल्यांदा बंदुकीने लुटलं. या वेळी साबणाने.” तिने टेबलावरचं खोकं उचललं आणि पालथं केलं. कागद जमिनीवर पसरले, सुंदर अक्षरातले. “कुठे नेलंय?”

“ती माहिती देता येत नाही.”

ह्यांनी तोपर्यंत डेपोला फोन लावला होता. माणसं नेली ती आमच्याच डेपोच्या बसनी, आणि ड्रायव्हर सगळे ह्यांच्या ओळखीचे. दोन मिनिटांत ठिकाण कळलं. एका जुन्या विमानतळाच्या आवारात, पावणेदोनशे किलोमीटरवर.

“ही गाडी चाळीसच्या वर पळत नाही,” हे म्हणाले. “आणि टाकी रिकामी करावी लागेल, नाहीतर चढ चढणार नाही.”

“कर रिकामी.”

हजार लिटर पाणी त्या गाद्यांच्या कारखान्याच्या अंगणात सोडून आम्ही निघालो. ते पाणी साहेबांच्या खोलीकडे वळलं तर मी काय करू? उतारच तिकडे होता.

साडेचार तास. नणंद पुढे ह्यांच्या शेजारी, मी आणि इस्त्रीवाला मागे कपड्यांच्या गठ्ठ्यांवर. इस्त्रीवालाही हसला नाही त्या दिवशी. वाटेत एकदा नणंद एवढंच बोलली, “धाकट्या, दहा म्हणाले होते मी तिला.” हे म्हणाले, “माहीत आहे गं.”

पोचलो तेव्हा सव्वातीन झाले होते. तारेचं जाळीदार कुंपण, दोन पुरुष उंच. आत सगळे एकसारख्या राखाडी कपड्यांत. राखाडी पँट, राखाडी बनियन, कुणाला सैल, कुणाला तोकडं. लांबून एकही माणूस मला ओळखू येईना. महिनोन्‌महिने ज्यांच्या कपड्यांच्या घड्या घातल्या, त्यातलं एकही.

पहारेकरी म्हणाला, “सामान मंगळवारी घेतात.”

“हे सामान नाही, त्यांचे कपडे आहेत.”

“बंद पिशव्या आत जात नाहीत. नियम आहे.”

“पिशव्या जात नाहीत ना? बरं.” ती गाडीत चढली, पहिला गठ्ठा सोडला आणि एकेक कपडा काढून कुंपणावर अडकवायला लागली. बाहेरच्या बाजूने. स्वेटर, चादर, लंगोट, पायजमा. मीही घेतले, इस्त्रीवाल्याने घेतले, हे गाडीच्या टपावर चढून वरच्या तारेला चादरी लावायला लागले. पहारेकरी “अहो, अहो” करत मागे धावत होता आणि शेवटी फोन करायला आत गेला.

पहिली आली ती फ्रॉकवाली पोरगी. जाळीतून बोट घालून तिने गादीच्या कापडाची पट्टी धरली आणि मोठ्याने आईला हाक मारली. मग माणसं धावत आली. पण आनंदाने आली असं कुणाला वाटत असेल तर तसं नव्हतं. ती चिडलेली होती. एक बाई दोन्ही हातांनी जाळी गदागदा हलवत नणंदेला काय काय बोलली. भाषा कळत नव्हती, कळायची गरजही नव्हती. नणंद मान खाली घालून कपडे लावत राहिली. ऐकून घेत राहिली. तिचा डावा कान त्या बाईकडे होता. वळून उजवा करता आला असता, पण तिने केला नाही.

आतून एक तरुण अधिकारी बाई आली. हातात फाइल. “कुंपणावर कपडे लावायची परवानगी नाही.”

“हे वाक्य तुम्हाला शाळेतच शिकवतात का?” नणंद म्हणाली. “मग छोटं फाटक उघडा आणि आत घ्या. पाच मिनिटांत कुंपण मोकळं करते.”

“कुणाचं काय आहे याची यादी लागेल मला.”

“यादी त्यांना तोंडपाठ आहे. विचारा ना.”

ती मुलगी वाईट नव्हती. तिने खरंच विचारलं. आतून लोक ओरडायला लागले, आपापल्या भाषेत, आणि बोटांनी दाखवायला लागले. पांढरा-तपकिरी टाका, दोन स्वेटर, एक शाल. हिरवा-नारिंगी, तीन पायजमे. तिने पाच-सहा कपड्यांच्या शिवणी उलट्या करून पाहिल्या. प्रत्येक वेळी जुळलं. मग तिने फाइल बंद केली आणि पहारेकऱ्याला छोटं फाटक उघडायला सांगितलं.

तीन तास लागले. टपालवाल्याने राखाडी बनियन काढून फेकलं, सगळ्यांसमोर, आणि कोट घातला. शेवटची दोन बटणं ह्यांनी लावून दिली.

रंगारीण सगळ्यात शेवटी आली. राखाडी कपड्यांत तिचे निळे हात परक्याचे वाटत होते.

“दहा वाजता म्हणाली होतीस,” ती म्हणाली.

“हो.”

“मी सकाळी बसमध्ये चढले नाही. बोलले, दहा वाजू द्या. दोघांनी धरून चढवलं.” तिने बाही वर केली. दंडावर पकडीचे वळ होते. “सगळे मला बोलले. तू सांगितलं म्हणून दिले, आता तू भर.”

मी इतकी वर्षं त्या घरात आहे. माझ्या नणंदेला कुणाची माफी मागताना मी ऐकलं नव्हतं. अधीक्षकांची नाही, भावाची नाही, माझी तर नाहीच. तिने जाळीच्या फाटकात उभं राहून म्हटलं, “माफ कर. मला उशीर झाला.” आणि ती रडली. रागाने रडली, माणूस रागाने रडतं तेव्हा चेहरा वेगळा दिसतो.

रंगारणीने आपला गठ्ठा घेतला. तिथेच सोडला. एकेक कपडा उजेडात धरून बघितला. चादरीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“हा डाग तसाच.”

“तेलाचा आहे. दोनदा धुवावा लागेल.”

“मग धू.” तिने चादर पुन्हा नणंदेच्या हातात दिली. “आणि आण.”

पुढच्या आठवड्यात आमच्या नावाने पत्र आलं. शिस्तभंग केल्याबद्दल गाडीची परवानगी रद्द. नणंद जिल्ह्याच्या कचेरीत गेली आणि बसली. रोज दहा ते पाच, बाकावर, चादर मांडीवर घेऊन. हलक्या आवाजात बोलायचं तिला एरवी जमत नसल्याने तिचं प्रत्येक म्हणणं सगळ्या मजल्याला ऐकू जायचं. कुणी म्हणायचं, बाईंना चहा द्या. कुणी म्हणायचं, बाईंना बाहेर काढा. एकेचाळिसाव्या दिवशी परवानगी मिळाली. ती फाइलवाली मुलगी आमच्या बाजूने लिहून गेली होती, हे नंतर कळलं.

पण पावणेदोनशे किलोमीटर रोज जाणार कसं? तिने तोही निकाल लावला. त्रेसष्टाव्या वर्षी इथलं घर सोडलं आणि विमानतळाजवळ सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली घेतली. मी म्हटलं, “ताई, या वयात?” तर म्हणाली, “मग कुठल्या वयात?” दुसऱ्या यंत्रावर रंगारीण उभी राहिली. दोघींची भांडणं धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची म्हणतात. पाणी किती गरम, साबण किती, आधी काळे की आधी पांढरे. दीड वर्षाने रंगारणीला कागद मिळाले आणि ती बहिणीकडे दुसऱ्या देशात गेली. जाताना दोन तास नुसता दोऱ्यांचा डबा समजावून सांगत होती. नणंद म्हणाली, “कळलं गं, बहिरी आहे, मूर्ख नाही.” मग चार दिवस त्या डब्याला तिने कुणाला हात लावू दिला नाही.

छावणीच्या त्या साहेबांना बढती मिळाली. गाद्यांचा कारखाना रिकामा आहे. कुंपणावरची पाटी अजून तिथेच आहे आणि आत कुणी नसलं तरी दर वर्षी तिला नवा रंग लागतो. हे मी बसमधून जाताना बघते. पूर्वी मी शेजारच्या बाईशी हवापाण्याचं बोलायचे. आता पाटी दाखवते आणि सगळं सांगते. तिला ऐकायचं असो नसो. हे म्हणतात, तू ताईसारखी व्हायला लागलीस. शिव्या दिल्यासारखं म्हणतात, पण पंधरा दिवसांनी स्वतःच यंत्रांचे पट्टे पिशवीत भरून निघतात.

मागच्या खेपेला मीही गेले. आदल्या दिवशी दोनशे नवीन माणसं आली होती, पावसात भिजत. ब्लँकेटांचा डोंगर गाडीशेजारी पडला होता आणि यंत्रांतलं पिळणं बंद पडलेलं. नवीन अधिकारी छत्री घेऊन उभा राहून सांगत होता की ही ब्लँकेटं मोजून, वर कळवून, मगच. नणंदेने त्याच्या हातात एका ब्लँकेटचं टोक दिलं. दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

“तू डावीकडे फिरव,” ती मला म्हणाली. “साहेब, तुम्ही उजवीकडे. आणि छत्री ठेवा बाजूला, दोन्ही हात लागतात.”

त्याने छत्री ठेवली. आम्ही पिळायला लागलो.